मॅटचा खर्च होतो, पंचांचाही होऊ दे : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

शासनाच्या निधीतून राज्यात कबड्डीच्या स्पर्धा होतात, याचा आम्हा कबड्डीवाल्यांना आनंदच आहे. मॅट, दिवे, गॅलरी, बक्षिसं यांवर खर्च व्हायलाच हवा. पण त्या मॅटवर शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

७ ऑक्टोबर २०२३, हांगझो आशियाई स्पर्धेची अंतिम लढत. भारत-इराण २८-२८. शेवटच्या काही मिनिटांत पवन सेहरावत निर्णायक चढाईला गेला आणि कुणालाही न शिवता मैदानाच्या कडेच्या राखीव पट्ट्यात (लॉबीत) शिरला. त्याला पकडायला इराणचे गडीही मागोमाग आत घुसले. एका नियमाने चढाई करणाऱ्यासोबत तेही बाद, दुसऱ्या नियमाने तो एकटाच बाद. निर्णय इकडून तिकडे फिरत राहिला, खेळाडू मॅटवर बसून राहिले आणि सामना तासभर रखडला. शेवटी आपण ३३-२९ जिंकलो. सुवर्ण मिळालं, म्हणून आपल्याकडे त्या तासाची फारशी चर्चा झाली नाही. निकाल उलटा लागला असता, तर महिनाभर तेच चघळलं असतं!

तिथे गोंधळ झाला तो कुठला नियम लागू, यावर. जिल्ह्याच्या स्पर्धेत त्याआधीच एक प्रश्न उभा राहतो : शिवला की नाही? कारण स्पर्श होईपर्यंत राखीव पट्टा मैदानाबाहेर, स्पर्श झाला की तोच पट्टा मैदानात. पेंटबॉलमध्ये गोळी फुटली की अंगावर रंग उरतो, तो चोरून पुसणारे खेळाडू असले तरी पंचाला शोधायला काहीतरी असतं. कबड्डीत बोटाचं टोक जर्सीला लागून गेलं की मागे काहीच उरत नाही. प्रो कबड्डीत तिसऱ्या पंचाकडे दाद मागता येते. आमच्याकडे कॅमेरा म्हणजे कुणाच्या तरी काकांचा मोबाइल.

म्हणून चांगला पंच आधी पायांवरून ओळखावा. चढाईबरोबर तो बाजूने सरकत राहतो, स्वतःच्या आणि चढाईपटूच्या मध्ये कुणी येऊ देत नाही. बोनसच्या जादा गुणासाठी एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला तेव्हा दुसरा हवेत होता का, समोर किमान सहा गडी होते का, दम सुटला का, हे सगळं ३० सेकंदांत बघायचं असतं. मध्यरेषेवर पाच-सहा जणांची झटापट झाली, तर ढिगाऱ्याखालून कुठला हात पलीकडे टेकलाय हे बघायला तो सरळ गुडघ्यावर बसतो. उभ्याउभ्या निर्णय देणाऱ्या पंचावर माझा तरी विश्वास नाही. दिसलं नसेल तर तो गॅलरीकडे न बघता दुसऱ्या पंचाकडे बघतो. यजमान संघाचा शेवटचा गडी बाद देऊन लोण (अख्खा संघ बाद) चढवणारी शिट्टी तो पाहुण्या संघासाठी वाजते तितक्याच जोरात वाजवतो. ते सोपं नाही. त्याच गावातून रात्री त्याला दुचाकीवरून घरी जायचं असतं.

हे गुण उपजत थोडे, सरावाने जास्त येतात. म्हणून निधीच्या आदेशातच अट असावी : स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळ्या पंचांचा वर्ग होईल आणि राखीव पट्ट्याचा व बोनसचा कोणता नियम लागू आहे, ते कर्णधारांना लेखी मिळेल. उपांत्य फेरीपासून पुढे, खेळणाऱ्या संघांच्या जिल्ह्यातला पंच नसेल. मानधन आयोजकाच्या मर्जीवर न ठेवता थेट पंचाच्या खात्यावर जमा होईल, प्रवासखर्चही त्यातच. पंचांना परत सोडण्याची जबाबदारी आयोजकांची राहील, तीही लेखी.

यातलं बरंचसं मॅटच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडेल. पुढच्या हंगामाचे आदेश निघण्याआधी ही अट त्यात यावी, एवढी विनंती.

आपला,
जिल्हा स्पर्धांत गुणलेखनाला बसणारा एक कबड्डीप्रेमी