गाडीच्या पडवीबद्दल, हुडवाल्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपल्या दुकानातून निघताना मी आभाराचे शब्द जुळवू लागलो, तेव्हा हातातली कात्रीसुद्धा खाली न ठेवता "हातखंब्यापर्यंत उजेडात पोचा म्हणजे झालं" एवढेच आपण म्हणालात आणि पुन्हा यंत्रावर वाकलात. तोंडावर कौतुक ऐकून घेण्याची आपल्याला सवय नाही, हे तेव्हाच कळले. म्हणून जे बोलायचे राहून गेले ते या पत्रात लिहीत आहे, आणि चार लोकांनी वाचावे अशा बेताने उघडपणे लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली. तिचे माहेर गुहागर तालुक्यातले, बालपण पालशेत, हेदवी, वेळणेश्वर या पट्ट्यात गेलेले. आता वाळूतून चालणे जमत नसले, तरी समुद्रासमोर दोन घटका बसायला मिळावे ही तिची इच्छा शाबूत आहे. हॉटेलच्या गॅलरीत तिचे मन रमत नाही. त्यामुळे गाडीतच स्वयंपाकाचे आणि मुक्कामाचे सामान भरून निघायचे, रात्री तिने मागची आसने दुमडून गाडीत झोपायचे आणि आम्ही उभयतांनी शेजारी तंबू ठोकायचा, असा क्रम आम्ही सुरू केला. सगळे जमले, दिवसाची सावली तेवढी जमेना. गाडीच्या टपाला बांधायचे जे गुंडाळते छप्पर मिळते, ज्याला विक्रेते ऑनिंग म्हणतात आणि आपण पहिल्याच वाक्यात "गाडीची पडवी" म्हणालात, ते निवडताना आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही दोन ठिकाणी पैसे आणि एका ठिकाणी अब्रू घालवून बसलो होतो.

पैसे प्रथम घालवले ते शहरातल्या एका मोठ्या दुकानात. तिथे आम्हाला 270 अंशांचे ऑनिंग दाखवण्यात आले, म्हणजे गाडीच्या डाव्या कुशीपासून पाठीमागपर्यंत पंख्यासारखे उलगडत जाणारे, 24 किलो वजनाचे, दिसायला अतिशय देखणे. पडद्यावर वाळवंटातली चित्रफीत सुरू होती. तिच्यात वारा नव्हता, समुद्र नव्हता आणि म्हातारे माणूसही नव्हते. विक्रेत्याने गाडीचे मॉडेल विचारले, किती खर्च करणार ते विचारले, कापडाचा रंगदेखील विचारला. या छपराखाली कोण बसणार आहे, एवढे मात्र त्याने विचारले नाही, आणि ते आपणहून सांगण्याचे शहाणपण मलाही सुचले नाही.

अब्रू गेली ती हेदवीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर. दुपारचे तीन वाजले होते, खारा वारा भरात होता आणि मी ते छप्पर उघडले. जांभ्यात खुंट्या शिरेनात, ज्या दोन शिरल्या त्या वाकल्या. दोर बांधायला दगड शोधत होतो तेवढ्यात वाऱ्याने पोटाखालून उचलून ते अख्खे छप्पर टपावर उलटे आपटले, कापड एका हाताला फाटले आणि टपावरच्या रेलचा मागचा पाया तडकला. गुरे घेऊन चाललेला एक मुलगा थांबला, त्याने सगळा प्रकार नीट न्याहाळला आणि विचारले, "शीड लावलंत काय?" दुकानाला कळवल्यावर उत्तर आले की मालात दोष नाही, वापरणाऱ्याची चूक आहे. पुढे एका फॅब्रिकेटरने चौकोनी लोखंडी नळ्यांचा कॅरिअर बसवून देण्याचे ठरवले आणि आगाऊ रक्कम घेतली. तो कॅरिअरच 40 किलोचा होणार होता. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत टपावर 75 किलोंहून जास्त भार नको असे छापले आहे आणि त्या आकड्यात कॅरिअरचेही वजन धरायचे असते, हे मी त्याला दाखवले, तेव्हा तो नुसता हसला. त्याने दुरुस्तीसाठी रेलला मारलेले बोल्ट एका पावसाळ्यात गंजून लाल झाले.

आपल्याकडे मी खरे तर फाटलेले कापड शिवून घ्यायला आलो होतो. ते शिवून विकून टाकावे आणि हा नाद सोडावा, असे ठरले होते. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जीपची हुडे, रिक्षांचे टप आणि होड्यांची आच्छादने शिवणारे दुकान आहे, इतकीच खूण मिळाली होती. जानेवारीतला शनिवार होता, आई गाडीत बसून होती. आपण कापड हातात घेतलेत, आतल्या बाजूच्या लेपावरून अंगठा फिरवलात, आणि किती फाटले आहे ते न सांगता विचारलेत, "ह्याच्या खाली बसायचं कोणी?"

मी गाडीकडे बोट दाखवले.

त्यानंतर जे झाले ते मला पुन्हा पुन्हा आठवते. शिवणयंत्रासमोरची आपली खुर्ची आपण उचलून अंगणात नेऊन ठेवलीत, आईला हाताला धरून तिच्यावर बसवलेत आणि तिच्या पायांखाली निळ्या रेक्झिनचा एक घडी केलेला तुकडा सरकवलात. मला एक बांबू दिलात. टपाची उंची साडेसहा फूट भरली, तेवढ्यावर खूण करून तो उभा धरायला लावलात. चार वाजले होते. त्या खुणेची सावली जमिनीवर अकरा फुटांच्याही पलीकडे पडली होती आणि आपण ती खडूने आखलीत. छप्पर बाहेर येणार आठ फूट, आणि ऊन समोरून, दर्याच्या अंगाने. म्हणजे चार वाजता छपराची सावली आईवर पडतच नाही, ती मागे सरकून गाडीच्या पोटाखाली जाते. इतके पैसे ओतून मी गाडीच्या टायरांना सावली करणार होतो, हे मला त्या खडूच्या रेघेने सांगितले.

मग आपण आईच्या शेजारी उकिडवे बसलात. आपल्याही वयाला ते सोपे नव्हते, एक हात जमिनीला टेकवावा लागला. तिच्या डोळ्यांच्या उंचीला आपले डोळे आणून आपण समोर बंदराच्या दिशेने पाहिलेत आणि मला बांबू समोर आडवा धरायला सांगितलेत. "खाली घ्या. अजून खाली. काकी, दर्या दिसतो काय? बस, तिथंच." छपराची पुढची कड मागच्यापेक्षा वीतभर खाली असली की वारा पोटात शिरून उचलत नाही, वरून दाबतो, आणि अवकाळी पाऊस आलाच तर पाणी साचून कापडाला झोळ न पडता पुढे ओघळते, हे आपण मला नंतर समजावलेत. पण ती कड किती खाली आणायची, हे आपण वाऱ्यावरून ठरवले नाहीत, आईच्या डोळ्यांवरून ठरवलेत. आई त्या वेळी काही बोलली नाही. घरी जाताना संगमेश्वरच्या आसपास तिने एवढेच विचारले, "ते गृहस्थ तिथे बसून काय बघत होते रे?"

पुढचा सल्ला आपण कापड बेतावे तसा भराभर दिलात. पंख्याचे छप्पर नको, साधे सरळ बाहेर ओढायचे घ्या, दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर बाहेर येणारे. त्याचे वजन बारा किलोच्या आसपास असते आणि वारा फिरला तर एकटा माणूस ते दोन मिनिटांत गुंडाळू शकतो. उघडायला सगळीच सोपी असतात, बंद करताना माल कळतो, हे आपले वाक्य मी लिहून ठेवले आहे. सुती मिश्रणाचा जाड कॅनव्हास मला आवडला होता, कारण तो आतून तापत नाही. आपण तो नाकाला लावून दाखवलात आणि म्हणालात की कोकणात हा वाळेपर्यंत बुरशी धरतो, पॉलिएस्टर घ्या, 420 डेनियरचे (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप). त्याचा आतला लेपही दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन पोपडे धरणारच. म्हणून ओले गुंडाळावे लागले तर दुसऱ्या दिवशी घरी उघडून वाळवायचे आणि मृग लागायच्या आत ते टपावरून उतरवून ठेवायचे. बोल्ट 316 नंबरच्या स्टेनलेसचे, कारण मच्छीमारांच्या होडीवर दुसरे टिकत नाहीत. आणि ॲल्युमिनियमची पट्टी व स्टीलचा बोल्ट यांच्यामध्ये नायलॉनचा वायसर, नाहीतर खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम खाल्ले जाते. पिशवीच्या चेनला मेणबत्ती घासायची. सड्यावर खुंट्यांच्या भानगडीत न पडता 20 लिटरच्या पाण्याच्या कॅनला दोर बांधायचे. वाळूत खुंटीऐवजी सिमेंटचे रिकामे पोते वाळूने भरून हातभर खोल पुरायचे. आणि गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, मुळीच न्यायची नाही, सुरूच्या बनाच्या अलीकडेच थांबायचे, कारण पुळणीवर रुतलेल्या गाड्या ओढून काढण्यात आपल्या ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्यांचा निम्मा हंगाम जातो, आणि कासवांची अंडी कुठे पुरलेली असतील ते वरून दिसत नाही.

समोरच्या उन्हाचा प्रश्न तरी उरलाच होता. मी म्हटले, पुढे ताडपत्रीचा पडदा लावू. आपण मान हलवलीत. "मग काकी पडद्याकडं बघत बसणार काय?" आतून आपण रोपवाटिकेच्या शेडनेटचे दोन तुकडे आणलेत, एक हिरवा आणि एक काळा, आणि दोन्ही आळीपाळीने आईच्या समोर धरलेत. हिरव्यातून सगळे धुरकट दिसत होते. काळ्यातून जेटीवरच्या होड्यांचे झेंडे वेगवेगळे ओळखता येत होते, ऊन मात्र बोथट झाले होते आणि वारा गाळून आत येत होता. इतके दिवस पडदा म्हणजे अडवणारी वस्तू असेच मी धरून चाललो होतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र उघड लिहिले, ती. साधे छप्पर आपल्याकडे विकायला नव्हते. आपण तसेच एखादे शिवून देऊ शकला असता, मी त्या क्षणी मागाल ती किंमत दिली असती, आणि आपल्या दुकानात तेव्हा दुसरे गिऱ्हाईकही नव्हते. आपण म्हणालात, "दांड्या आणि कोपरे माझ्याकडं नीट नाय होणार, ते तयार घ्या. माझ्याकडं फक्त जाळी शिवा." जाळी, कडेची पट्टी, आयलेट आणि शिलाई मिळून आपण 850 रुपये घेतलेत. सव्वा तास खुर्ची आईखाली होती आणि आपण उभ्यानेच काम करत होता, त्याचे काही घेतले नाहीत. "हे मला जमणार नाही, ते दुसरीकडे घ्या" हे वाक्य दुकानदाराच्या तोंडून मी किती वर्षांनी ऐकले ते आठवून पाहिले, तर आठवेना. तरी अशी माणसे या किनाऱ्यावर विरळ आहेत असे म्हणवत नाही. जयगडहून तवसाळला जाताना फेरीबोटीवरचा पोरगा न सांगता आपल्या चाकामागे लाकडी ठोकळा सरकवतो आणि पाठ फिरवतो. त्याचे नाव कुणी विचारत नाही आणि त्यालाही त्याचे काही वाटत नाही. आपण त्याच जातकुळीतले आहात.

सांगितल्याप्रमाणे सगळे केले. छप्पर मागवले, बोल्ट मिरकरवाड्यातूनच घेतले, आणि फेब्रुवारीत वेळणेश्वरच्या अलीकडे मुक्काम केला. "गाडीचं तोंड दाभोळकडं करा, जयगडकडं नको, मग डावी बाजू आपसूक दर्याकडं येते," ही आपली खूण उपयोगी पडली. बाराच्या पुढे वारा फिरला, छपराने एकदा पोट फुगवले आणि मग गप्प राहिले. चार वाजता ऊन छपराखाली शिरले आणि काळ्या जाळीवर अडले. आई पलीकडच्या होड्या मोजत बसली, मग मोजता मोजता झोपली. रात्री जमिनीवरून दर्याकडे वाहणारा मतलई वारा मागून आला, तोवर आपल्या सांगण्याप्रमाणे छप्पर गुंडाळलेले होते. तडकलेल्या रेलचा नवा पाया बसवल्यानंतर एकच कुरकुर राहिली आहे, ती म्हणजे गाडी साठच्या पुढे गेली की टपावर शीळ वाजते. त्यावर उपाय असेल तर पुढच्या भेटीत विचारीन.

एक कबुली द्यायची राहिली. पायांखालचा तो निळा रेक्झिनचा तुकडा गडबडीत आमच्याच गाडीतून आला. मृगाच्या आधी छप्पर उतरवून आपल्याला दाखवायला आणणार आहोत, तेव्हा तो परत करावा असा माझा विचार आहे. पण आई आता दर मुक्कामाला प्रथम तो मागते, पायांखाली नीट पसरते आणि उठताना स्वतः झटकून, घडी घालून आपल्या पिशवीत ठेवते, त्यामुळे तो परत मिळेल असे मला वाटत नाही. त्याची किंमत काय ती कळवावी.

आपला कृतज्ञ,
24 किलोंचे छप्पर शिवायला आलेला चिपळूणकर