घोड्यावर न बसता

पेनसिल्व्हेनिया,
रविवार रात्र

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राला महिना होऊन गेला, रागावू नकोस. आज घरी आलो, हातपाय धुतले आणि आधी तुलाच लिहायला बसलो.

इथल्या एका छोट्या ड्रेसेज शोला मी मदतीला जातो, हे तुला ठाऊक आहे. तीच स्पर्धा, जिच्यात एकेक स्वार घोड्याकडून ठरलेल्या हालचाली क्रमाने करून घेतो; त्या क्रमाला चाचणी म्हणतात. आधीची दोन वर्षं फाटक सांभाळलं, गुणपत्रिका पोचवल्या. आज पहिल्यांदा पंचांशेजारी लेखनिक म्हणून बसलो.

मैदान २० मीटर रुंद, ६० मीटर लांब, कडेने अक्षरांचे फलक. घंटा झाली की ४५ सेकंदांत स्वाराने 'ए'पाशी आत यायचं. समोर 'सी'पाशी आमची लाकडी खोपटी. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण, अर्धासुद्धा देता येतो. पंचबाई गुण बोलतात, शेरा बोलतात, पण नजर घोड्यावरून हलवत नाहीत. कागद सांभाळायचा मी. एक शेरा लिहून होतो न होतो, तोच घोडा पुढच्या वर्तुळात शिरलेला असतो.

तिसऱ्या घोड्याला माझी ओळ चुकली. दुडकीचे गुण खालच्या रकान्यात गेले. हाताला घाम फुटला रे, कारण तो कागद म्हणजे त्या स्वाराची कित्येक महिन्यांची मेहनत. लगेच सांगितलं. चाचणी संपल्यावर बाईंनी दोन्ही आकडे दुरुस्त करून घेतले आणि खाडाखोडीपाशी स्वतःची आद्याक्षरं केली. 'चुकलं की असंच लगेच सांगत जा,' एवढंच म्हणाल्या.

दुपारपर्यंत मला घोडा दिसायला लागला. खालच्या पातळीच्या चाचणीत एक जागा असते: लगाम सैल सोडायचा, घोड्याने मान लांबवून खाली न्यायची आणि मोकळ्या पावलांनी तिरकं मैदान ओलांडायचं. हे गुण दुप्पट धरतात. बघताना कळतं का ते. घाबरलेला घोडा मान सोडतच नाही. साठीच्या पुढच्या एक बाई आल्या होत्या, घोडाही म्हातारा. लगाम सुटला आणि त्याने नाक जवळजवळ जमिनीला टेकवलं. मी 'आठ' लिहिलं, पुढे 'विश्वास दिसतो'. संध्याकाळी त्या तबेल्यापाशी तोच कागद वाचत होत्या, त्या ओळीखाली बोट धरून. अक्षर माझं होतं. पंचांचं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून मी नुसता हात हलवून पुढे गेलो.

आठवतं, सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमध्ये हांगझोऊला आपल्या भारताच्या ड्रेसेज संघाने सुवर्ण घेतलं तेव्हा तू फोनवर ओरडला होतास? आशियाई खेळांत घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं सुवर्ण, आणि चौघांत मुंबईचा हृदय छेडा. तेव्हा म्हणालास, 'आपण काय, लांबून बघणारे.' मला ते अजून टोचतं. कुठल्याही घोड्याची चाचणी होण्याआधी कुणीतरी पहाटे पांढरं कुंपण मांडलेलं असतं, कुणीतरी वेळेवर स्वाराला हाक मारलेली असते. त्यांतले कित्येक जन्मात घोड्यावर बसलेले नसतात. मीही नाहीच.

तू आता निवृत्त झालास, महालक्ष्मी तुला लोकलने जवळ. रेसकोर्सवरच्या अमॅच्युअर रायडर्स क्लबात एकदा जाऊन विचार, स्पर्धेच्या दिवशी माणसं लागतात का. तुझं अक्षर तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. जाशील तेव्हा टोपी आणि बंद बूट घाल, आणि घोड्याच्या मागून जाऊ नकोस.

गेलास की लगेच कळव. वहिनींना नमस्कार.

तुझाच