आजीला इथे ‘बाबा’ म्हणतात

एडमंटन, कॅनडा,
17 मे 2025

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, गुडघ्याला पट्टा बांधूनच फिरायला जाताय ना? आम्ही सगळे मजेत आहोत. बर्फ एकदाचा वितळला.

आई, आज पत्र लिहायला बसले ते तुझ्या इरकलीमुळे. परवा गुरुवारी इथे विशिवांका दिवस होता. विशिवांका म्हणजे युक्रेनी लोकांचा भरतकाम केलेला सदरा. मे महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी तो घालूनच ही माणसं कामाला जातात, मुलं शाळेत जातात. 2006 साली चेर्निव्त्सीच्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने सुचवलं, एक दिवस सगळ्यांनी मिळून घालू या. तिथून हे जगभर पोचलं.

आमच्या शेजारच्या आजी युक्रेनी आहेत. गंमत म्हणजे त्यांच्यात आजीला ‘बाबा’ म्हणतात. मी त्यांना हाक मारते आणि बाबा, दर वेळी तुम्हीच डोळ्यांसमोर येता! त्यांचे आजी-आजोबा 1890 च्या दशकात पश्चिम युक्रेनमधल्या गॅलिशियातून आले. तेव्हा तो मुलुख ऑस्ट्रियाच्या राज्यात होता. इथे दहा डॉलर भरले की 160 एकर रान मिळायचं; झाडं तोडायची, दगड वेचायचे आणि मग पेरायचं. पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या खोपटात काढला म्हणे. त्या खोपटातही त्यांच्या आजीने आणलेला सदरा पेटीत जपून ठेवलेला होता.

तोच सदरा गुरुवारी शेजारच्या बाबांच्या अंगावर होता. बोर्शचिव भागातला, काळ्या लोकरीच्या धाग्याने बाह्या इतक्या गच्च भरलेल्या की खालचं कापड दिसतच नाही. पोल्ताव्याकडे याच्या अगदी उलट, पांढऱ्यावर पांढरं भरतात. नक्षी गळ्याला, मनगटाला आणि खालच्या काठाला असते, कारण कापड जिथे उघडं पडतं तिथूनच वाईट आत शिरतं अशी जुनी समजूत. मला एकदम बाळाच्या गालावरची तीट आठवली.

चर्चच्या हॉलमध्ये 2022 नंतर युद्धामुळे आलेली कुटुंबंही होती. एक आई सांगत होती, निघताना एकच पिशवी घेता आली, तीत मुलाची कागदपत्रं आणि त्याची विशिवांका घातली. सदरा आता त्याला होत नाही. ती तो हातात घेऊन बसली होती. मला तिच्याशी काय बोलावं कळेना, नुसती शेजारी बसून राहिले.

मी तू भरलेली इरकल नेसले होते, गोपुरं आणि तुळशीवृंदावनं असलेली. बाबांनी आधी सरळ पदर उलटा केला! इथे भरतकाम उलट्या बाजूने जोखतात. त्यांच्यात ‘निझिंका’ नावाचा टाका आहे, तो तर कापडाच्या मागूनच, धागे मोजत घालतात. तुझ्या कसुती भरतकामातला गवंतीचा टाका दोन्हीकडून सारखा बघून त्यांनी चष्मा काढून पदर डोळ्यांजवळ नेला. चार बायका गोळा झाल्या. “छापा न मारता?” म्हणाल्या. मी म्हटलं, हो, नुसते धागे मोजून. आई, तुझा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

मग बाबांनी विचारलं, “तुझ्या आईला कोणी शिकवलं?” त्यांना स्वतःच्या सदऱ्याच्या तीन पिढ्या नावानिशी माहीत. मला तुझ्या आधीचं एकही नाव सांगता आलं नाही.

कोणी शिकवलं गं? मिरजेच्या आजीने, की धारवाडच्या मावशीआजीने? आणि मुर्गीचा टाका तू कुठून सुरू करतेस? पुढच्या रविवारी तुमच्याकडे सकाळी साडेसातला फोन लावते. बाबा, तुम्ही फोन आईच्या हातांवर धरा. मी सुई ओवून बसते; धागा बाबांनी, म्हणजे आजींनी, दिलाय. काळा आहे, चालेल ना?

तुमची,
मनू