मंत्रिमहोदय, आबांच्या शेवटच्या खेळाची तारीख कुणी खाल्ली?

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : कळसूत्री बाहुल्यांच्या खेळासाठी आरक्षित केलेलं सभागृह ऐनवेळी काढून घेतल्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्या आबांचा शेवटचा खेळ होणार होता. झाला नाही. सभागृहाचे पैसे आम्ही रीतसर भरले होते, पावती माझ्याकडे आहे. शुक्रवारी दुपारी फोन आला, 'वरून कार्यक्रम आलाय, तुमची तारीख रद्द.' मागाहून कळलं की एका पक्षाचा मेळावा होता. पैसे परत हवे असतील तर अर्ज करा, असंही सांगितलं. मागच्या एका महोत्सवात ज्या पाहुण्यांनी आबांच्या खांद्यावर शाल टाकली आणि 'तुमचा निरोपाचा खेळ आम्ही थाटात करू' असा शब्द माईकवरून दिला, ते त्या मेळाव्यात पहिल्या रांगेत होते.

आबांचं नाव मी लिहीत नाही. त्यांचे कागद अजून कुणाच्या तरी टेबलावर पडले आहेत, आणि नाव गाजलं की फाइल आणखी खाली सरकते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. एवढंच सांगते की ते कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे, ठाकर समाजातले. चित्रं दाखवत कथा सांगायची चित्रकथी, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आणि कळसूत्री बाहुल्या या माणसांनी पिढ्यानपिढ्या सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानाने त्यांना आश्रय दिला. देवळांत रामायण-महाभारतातली आख्यानं सादर करायचा मान त्यांचा होता. संस्थान गेलं, आश्रय गेला, कला मात्र त्यांनी टाकली नाही.

आमच्या पिढीला रामायण आबांनी दिलं. गणपती-सरस्वती नाचून गेल्या की हुडुकावर थाप पडायची आणि काळ्या पडद्यापुढे रावण उतरायचा. मुलं आईच्या पदरात तोंड लपवायची. रावण, सीता, हनुमान, मंदोदरी, सगळ्यांचे आवाज आबांचेच. आज ती मुलं पन्नाशीला आली आहेत. कुडाळचा एक रिक्षावाला मंदोदरीचा विलाप अख्खा म्हणून दाखवतो. बाजारातला एक शिंपी बाहुल्यांचे कपडे फुकट शिवतो, आणि जरीचा धागा कुठून आणला ते सांगत नाही. डोंबिवली-विरारची चाकरमानी मंडळी गणपतीला आली की आधी आबांच्या ओटीवर नारळ ठेवतात, मग आपल्या घरी जातात. शेवटच्या खेळाचा खर्च या माणसांनी वर्गणीतून उभा केला होता. सरकारचा एक रुपया मागितला नव्हता. फक्त एक संध्याकाळ हवी होती, तीही भाडं भरून.

तुम्ही विचाराल, देवळात का नाही करत? आबांना मोतीबिंदू आहे, नीट उजेड लागतो. दोन-दोन तास हात पुढे ताणून लाकडी बाहुल्या तोलायच्या म्हणजे मागे टेकायला काहीतरी लागतं, पायाखाली सपाट जमीन लागते. त्यांचा उजवा खांदा आता वर जात नाही. मेळाव्याचं कळल्यावर मलाच समजावत म्हणाले, "जांवदे गे बाय. पुढच्या वर्षी करूया, खांदो रवलो तर." मला रात्रभर झोप लागली नाही.

आता सरकार वृद्ध कलावंतांना दरमहा देतं त्या मानधनाचं ऐका. पूर्वी अ, ब, क अशा श्रेणी होत्या. ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये. आबा क श्रेणीत. ज्यांनी कधी दोरी हातात धरली नाही अशांनी कुठल्या तराजूत तोलून त्यांना क ठरवलं? मार्च २०२४ मध्ये सरसकट ५,००० केले, चांगलं केलंत, त्याबद्दल आभारही मानते. पण ते पैसे हातात पडले तर ना! दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. यंदा यंत्रावर आबांचा अंगठा उठेना. उठणार कसा? आयुष्यभर बोटांना दोऱ्या बांधून बाहुल्या नाचवल्या, बोटांच्या पेरांवर आडवे चर पडलेत, कातडी गुळगुळीत झाली आहे. खोबरेल लावून, पुसून, परत लावून पाहिलं. यंत्र नाही म्हणालं आणि समोरचा माणूसही नाही म्हणाला. तेव्हापासून खात्यात काही आलेलं नाही. आबा त्याच्यासमोर खुर्चीत बसले होते, श्वास घेत होते, तरी हयात नव्हते.

त्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट वेगळीच. त्याने नव्याने अर्ज केला, तर पंधरा वर्षं कला सादर केल्याचे पुरावे मागितले. देवळाच्या जत्रेत रात्री अकरा वाजता खेळ केल्याचं प्रमाणपत्र कोण देतं हो? गुरव देतो का? उत्पन्न वर्षाला ६०,००० च्या आत हवं. म्हणजे एखाद्या हंगामात चार खेळ जास्त मिळाले तर तो कलाकार गरजू उरत नाही. उपाशी राहिला तरच कलाकार, असा हा हिशेब आहे.

हे कागद घेऊन मी फिरते आहे. मी शाळेत शिकवते. रजा संपल्या, पगार कापला गेला. एसटीच्या खड्ड्यांनी पाठ गेली, रक्तदाबाची गोळी चालू झाली. घरी बोलणी खाते, की आपल्या माणसांचं कधी एवढं केलं नाहीस. एका साहेबांनी तर विचारलं, "तुमचं यात काय आहे?" माझं काय आहे? वडील गेले त्या वर्षी मी कुणाशी बोलत नव्हते. जत्रेत आबांनी हनुमानाला पडद्याबाहेर काढून माझ्याजवळ आणलं आणि त्याच्या तोंडून माझं नाव विचारलं. मी सांगितलं. यात माझं हे आहे.

जपानमध्ये बुनराकू म्हणून बाहुल्यांचा खेळ आहे, एकेका बाहुलीला तिघे जण लागतात. तिथले योशिदा मिनोसुके २०२१ च्या एप्रिलमध्ये ८७ व्या वर्षी ओसाकाच्या राष्ट्रीय बुनराकू नाट्यगृहात निवृत्त झाले. मध्यंतरी पक्षाघात होऊनही मंचावर परतले होते. सरकारने त्यांना १९९४ मध्येच जिवंत राष्ट्रीय ठेवा मानलं. अशा कलावंताला तिथे वर्षाला २० लाख येन मिळतात, स्वतःची कला टिकवावी आणि शिष्य घडवावेत म्हणून. आपल्या पैशात दहा लाखांच्या आसपास. आणि बाहुल्यांचं नाट्यगृह? आमच्याकडे आहे तो पिंगुळीच्याच परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात उभा केलेला संग्रह. त्यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली, आम्ही पेढे वाटले. एका घराला पद्मश्री दिली म्हणजे सगळ्या गावाचं देणं फिटलं, असं कुणी ठरवलं?

पैसा नाही असं म्हणू नका. याच जिल्ह्यात मालवणला राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. तो कोणत्या खात्याचा होता हा वाद मला घालायचा नाही. उद्घाटनाला तारीख मिळते, मंडप मिळतो, हेलिपॅड मिळतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा भाषणांची रांग लागली. त्याच मराठीत, मालवणी हेलात, रामायण सांगणारा माणूस मात्र अंगठा उठत नाही म्हणून परत पाठवला जातो. निवडणूक आली की याच कलाकारांच्या चित्रांचे फलक चौकात लागतात. दिल्लीच्या पाहुण्यांना भेट द्यायला चित्रकथीच चालते. ती काढणाऱ्याच्या घरावर पावसाळ्यात निळं प्लास्टिक असतं.

आमचं मागणं मोठं नाही. आबांचं अडकलेलं मानधन थकबाकीसह द्या आणि अंगठा उठत नसेल तर तलाठ्याने घरी येऊन माणूस बघावा, दाखला लिहावा. त्यांचा नातू शिकायला तयार आहे, पण गोव्यातल्या हॉटेलातली नोकरी सोडून शिकायचं तर महिन्याला काहीतरी हातात पडायला हवं. आणि सगळ्यात निकडीचं म्हणजे आबांच्या सगळ्या आख्यानांचं चित्रीकरण. आजवर जे आले त्यांनी समोरून चित्रीकरण केलं, दहा मिनिटांत गेले. समोर दिसतो तो रावण. कोणत्या बोटाने त्याची मान वळते, दोरी किती सोडली की तो पाऊल टाकतो, एका हाताने सीता धरून दुसऱ्याने हनुमान कसा उडवायचा, हे सगळं पडद्याच्या मागे आहे आणि ते कुणीही कधी टिपलेलं नाही. एक कॅमेरा मागे लावा. बोटांवर लावा. खांदा चालतोय तोवर लावा.

सभागृहाची नवी तारीख लेखी द्या, आणि ती पुन्हा कुणाच्या मेळाव्याला देणार नाही हेही त्यातच लिहा. मुंबईहून येणाऱ्यांना कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी करावं लागतं, तेव्हा निदान तेवढं आधी कळवा.

आपली,
कुडाळ तालुक्यातली एक शिक्षिका,
आबांचा खेळ बघत वाढलेल्या सगळ्यांच्या वतीने