तेवीस ठिकाणे, पाच दिवस आणि वाहकाची वही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी चोपड्याचा. एसटीत ३१ वर्षे वाहकी केली, आता वय ६७. नोकरी सुटली पण खिशात वही ठेवायची खोड सुटली नाही. गाडी कुठे किती वाजता लागली आणि किती वाजता हलली, हे टिपल्याशिवाय मला प्रवास झाल्यासारखा वाटत नाही. गेल्या फेब्रुवारीत पत्नीला घेऊन पाच दिवसांच्या यात्रेला गेलो, तेव्हाही वही बरोबर होतीच. तिच्यातले आकडे आपल्या वाचकांपुढे ठेवावेत, म्हणून हे पत्र. यात्रा नेणारा माणूस आमच्याच भागातला, साडूच्या ओळखीचा. त्याचे नाव सांगत नाही, आणि माझेही छापू नये ही विनंती. भांडण करायचे नाही, हिशेब मांडायचा आहे.

पत्रकावर ठळक अक्षरांत होते: '५ दिवस, ४ मुक्काम, २३ ठिकाणे'. बुऱ्हाणपूर, असीरगड, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू, उज्जैन, इंदूर. माणशी ९,५०० रुपये, चहा-नाश्ता-जेवण धरून. एक गोष्ट आधीच कबूल करतो. घरात दुसऱ्या एकाचेही पत्रक आले होते. पैसे तेवढेच, ठिकाणे १४. हिने तेच पुढे केले होते. मी म्हणालो, अगं, त्याच पैशांत नऊ ठिकाणे जास्त मिळताहेत! तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यातला चार आणे दोष माझा.

पहाटे ५ ला सुटणारी गाडी ६.२५ ला सुटली. त्याचे मला काही नाही. आमच्याही गाड्या सुटायच्या. यावल, फैजपूर, सावदा करत माणसे चढत गेली आणि ४२ आसने भरली. निम्म्याहून जास्त केळीवाले. फैजपूरला गाडी दहा मिनिटे थांबली. काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन १९३६ साली याच गावी भरले होते. गाइड म्हणून दिलेला पोरगा माइकवर तेव्हा अंताक्षरीच्या दोन बाजू पाडत होता. पोरगा वाईट नव्हता. गोड बोलायचा, म्हाताऱ्यांना हात धरून उतरवायचा. त्याला कोणी काही शिकवलेलेच नव्हते, एवढेच.

बुऱ्हाणपुरात ९.५० ला पोचलो. शाही किल्ला ३५ मिनिटे. मुमताजमहल १६३१ च्या जूनमध्ये याच गावी चौदाव्या बाळंतपणात गेली, हे त्याने सांगितले. मग, ताजमहाल इथेच व्हायचा होता पण वाळवीमुळे आग्र्याला गेला, ही गोष्ट रंगवून सांगितली. तिला आधी जिथे पुरले होते तो आहुखाना तापीच्या पलीकडे जैनाबादला आहे. सहाएक महिने ती तिथे होती, मग आग्र्याला नेली. पत्रकात आहुखान्याला स्वतंत्र क्रमांक होता. प्रत्यक्षात काय झाले, तर किल्ल्याच्या सज्जातून नदीपलीकडे बोट दाखवले आणि क्रमांक ३ झाला.

जामा मशीद २० मिनिटे. दोन उंच मिनार, आत एकामागे एक कमानी. आमची मंडळी चपला कुठे काढायच्या याच विचारात, तेवढ्यात तिथेच बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठले आणि कुठले म्हणून विचारू लागले. चोपडा म्हटल्यावर हात धरून आत घेऊन गेले. भिंतीवर अरबी लेख आहे आणि चक्क संस्कृतही लेख आहे, देवनागरीत कोरलेला! सृष्टिकर्त्याला नमन करून सुरुवात, मग खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी राजांची वंशावळ आणि तिथी. राजा अलीखान फारुकीने १५९० च्या सुमारास ही मशीद बांधली तेव्हाचा. मी एकेक अक्षर लावत होतो. 'राजा' हा शब्द लागला तेव्हा म्हातारबाबा हसले आणि हिंदीत म्हणाले, यांचा मूळ पुरुष मलिक राजा तर तुमच्याकडेच निजलाय, थाळनेरला. बुऱ्हाणपूर नंतरचे, आधी थाळनेर.

संपादक महाशय, चोपडा-शिरपूर गाडीवर मी किती वर्षे फेऱ्या मारल्या त्याची गणती नाही. थाळनेर म्हणजे लता मंगेशकरांचे आजोळ, यापलीकडे मला ठाऊक नव्हते. तिथे उतरणाऱ्याला 'चला थाळनेरवाले' म्हणून हाळी द्यायची आणि घंटी मारायची. मी पुढे विचारणार तोच बाहेरून शिट्टी वाजली. वहीत लिहिले आहे: आत १०.४०, बाहेर ११.००.

मग कुंडी भंडारा. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्या यात्रेत आमच्या माणसांचा जीव अडकला तो इथेच. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखाली अडवायचे, बोगद्यातून एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत नेत गावापर्यंत आणायचे, कुठे पंप नाही, मोट नाही, नुसत्या उतारावर. शंभरावर कुंड्या. १६१५ च्या सुमारास, जहांगीरच्या राज्यात, अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना केलेले काम. दोहे लिहिणारे रहीम ते हेच. एका कुंडीत खाली उतरायला लिफ्ट बसवली आहे, साधारण ८० फूट. एका वेळी मोजकीच माणसे जातात. आम्ही ४२, आणि वेळ २५ मिनिटे. पहिल्या दोन खेपांत बायका गेल्या, आमची हीही गेली. वर आली ती पदर ओला करून, आणि मलाच विचारू लागली, "इतला खाले पानी कथाईन येस हो?" (इतक्या खाली पाणी कुठून येतं हो?) मला कुठे ठाऊक! मी तर वरच उभा.

सावद्याचे एक केळीवाले भाऊ कठड्याला धरून खाली वाकून बघत होते. यावल-रावेरचे पाणी किती खोल गेले ते सांगायला नको. त्यांची शेवटची बोअर ७०० फुटांवर गेली, तीही उन्हाळ्यात धाप टाकते. बोअरवर घातलेला पैसा बोलता बोलता निघाला, तो इथे लिहीत नाही. ते गाइडला विचारत होते: दोन कुंड्यांत अंतर किती ठेवलंय? उतार किती? दगड कसला आहे, मुरूम की काळा? गाळ कोण काढतं? भोवती दहा-बारा जण गोळा झाले. सगळे तापीकाठचे आणि सातपुड्याच्या पायथ्याचे, याच डोंगराच्या पाण्यावर जगणारे. चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्याच डोंगराचे पाणी कसे ओळखले, हे त्यांना समजून घ्यायचे होते. पोरगा म्हणाला, "काका, फोटो काढून घ्या पटकन, असीरगडला उशीर होतोय."

असीरगडला आम्ही रस्त्यावर ४ मिनिटे थांबलो. पत्रकात अगदी बारीक अक्षरात 'बाह्यदर्शन' असे छापलेले होते, ते तेव्हा लक्षात आले. दक्षिणेचा दरवाजा म्हणत त्या किल्ल्याला. तो पडला तेव्हा, १६०१ मध्ये, फारुकींचे राज्य संपले, आणि अकबराने खानदेशाचे नाव बदलून मुलाच्या नावावरून 'दानदेश' ठेवले. ते नाव काही टिकले नाही. आम्ही त्याला बसच्या खिडकीतून नमस्कार केला.

ओंकारेश्वरला दर्शन छान झाले. देवळांची मिनिटे मी मोजत नाही. रांग देवाची, तिथे व्यवस्थापक काय करणार. ममलेश्वरलाही नेले, त्याबद्दल आभारच मानतो. पण नर्मदेतले बाण, म्हणजे शिवलिंगासारखे गोटे, विकणाऱ्या दुकानात ५० मिनिटे बसवले. महेश्वरला किल्ला, राजवाडा आणि घाट मिळून ४० मिनिटे, आणि साड्यांच्या दुकानात १ तास ५० मिनिटे. अहिल्याबाईंची गादी, त्यांचे देवघर, पुजेसाठी रोज मातीची शिवलिंगे करायची आजही चालू असलेली रीत. आमच्या बायका तिथून हलायला तयार नव्हत्या. नगरकडची एका पाटलाची लेक इथे येऊन राज्य करते, मरेपर्यंत करते, याचे त्यांना भारी अप्रूप. एक आजी पायरीवर बसूनच राहिल्या. त्यांना उठवून साड्या दाखवायला नेले.

माहेश्वरी साडी वाईट नाही. हिने एक घेतली, मला आवडली. माग बघायला मिळाले असते तर दोन घेतल्या असत्या. पण दुकानदाराने गल्ल्याशेजारच्या वहीत आमच्या गाडीचा नंबर लिहिला, तो मी पाहिला. गाडी ढाब्यावर थांबली की चालक-वाहकाचा चहा-नाश्ता कोणाच्या खात्यावर जातो, हे मला कोणी शिकवायला नको. फरक एवढाच की आमची गाडी ढाब्यावर वीस मिनिटे थांबायची.

मांडूला २ तास १० मिनिटे, त्यात जेवणाची ५०. उरलेल्या ८० मिनिटांत जहाजमहाल, होशंगशहाची संगमरवरी कबर आणि बाजारातली गोरखचिंच. रूपमतीचा मंडप खालूनच दाखवला. उज्जैनला महाकालाचे दर्शन पहाटे झाले. आत्ताचे ते देऊळ शिंद्यांच्या दिवाणांनी, रामचंद्रबाबांनी अठराव्या शतकात उभे केले. हरसिद्धीपुढच्या दोन दीपमाळा बघून तर मला जेजुरीच आठवली. जयसिंहाची वेधशाळा 'वेळेअभावी रद्द' झाली. रुद्राक्ष आणि रत्नांच्या दुकानात मात्र १ तास १५ मिनिटे वेळ निघाला. इंदूरला शेवेच्या दुकानात ५५ मिनिटे. खान्देशच्या माणसाला शेव विकत घ्यायला इंदूरला नेणे म्हणजे काय म्हणावे!

आता बेरीज. चार दुकाने: २९० मिनिटे, म्हणजे ४ तास ५० मिनिटे. देवळे सोडून बाकीची सगळी ऐतिहासिक ठिकाणे, बुऱ्हाणपूर, असीरगड, महेश्वर, मांडू मिळून: २०४ मिनिटे, म्हणजे ३ तास २४ मिनिटे. ज्याला शंका असेल त्याने वही येऊन बघावी.

जेवण उत्तम होते हेही लिहितो. दोन वेळा वरण-बट्टी झाली, आचारी आपल्याकडचाच होता. मुक्कामाच्या खोल्या स्वच्छ. एका बाईंना ताप आला तर व्यवस्थापक रात्री स्वतः दवाखान्यात घेऊन गेला. माणसे चांगली आहेत, म्हणूनच हे लिहावेसे वाटले. मी परतीच्या वाटेवर त्याला वही दाखवली. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, मी १४ ठिकाणांचं पत्रक काढलं तर गाडी भरत नाही. लोक आकडा बघतात." मी काय बोलणार? त्याचे गिऱ्हाईक मीच.

तरी दोन-तीन गोष्टी मागतो. पत्रकात ठिकाणाच्या नावापुढे थांबण्याची मिनिटे छापा. एसटीच्या वेळापत्रकात येण्याची आणि सुटण्याची वेळ असते, तसेच. मग २३ आणि १४ मधला फरक गिऱ्हाइकाला घरबसल्या कळेल आणि गाडीही भरेल. दुकाने वेगळी छापा, ज्याला यायचे त्याने यावे, बाकीच्यांना तेवढा वेळ घाटावर बसू द्या. आणि प्रत्येक गावात तिथलाच एक जाणता माणूस दोन तासांसाठी घ्या. त्याला द्यायचे पैसे ४२ जणांत वाटले तर एका चहाच्या वर जाणार नाहीत. हिंदी आम्हाला कळते. त्या मशिदीतल्या बाबांनी एक रुपयाही न घेता वीस मिनिटांत जे दिले, ते पाच दिवस माइकवरून मिळाले नाही.

परतताना सेंधव्यावरून बिजासन घाट उतरून रात्री साडेदहाला शिरपूर गाठले आणि गाडी चोपड्याकडे वळली. थाळनेर जवळ आले तसा मी उठून पुढे गेलो आणि सवयीने म्हणालो, "थाळनेर आहे का कोणी?" चालक हसला. गाडीत सगळे झोपलेले.

पंधरा दिवसांनी मी आणि ही, दोघेच एसटीने थाळनेरला गेलो. माझे ज्येष्ठ नागरिकाचे अर्धे तिकीट, हिचे महिला म्हणून अर्धे, मिळून एकाच माणसाचे भाडे. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. गावात विचारत विचारत कबरींपाशी गेलो. काळ्या दगडाच्या, एक अष्टकोनी, तिच्यावरची नक्षी अजून धड. शेजारी शेळ्या बांधलेल्या. एक शाळकरी पोरगा बरोबर आला. मलिक राजा कोणता ते त्यालाही सांगता येईना, मलाही ओळखता येईना. मग तापीच्या काठावर किल्ल्याची उरलेली भिंत पाहिली. १८१८ मध्ये इंग्रजांनी इथल्या किल्लेदाराला फाशी दिले, ते त्या पोराला मात्र पाठ होते. नदीकडे तोंड करून जेवलो. ही म्हणाली, त्या कुंडीतलं पाणी याच नदीच्या अंगाचं ना? बहुधा हो, म्हणालो.

वहीत नोंद आहे: थाळनेर, आगमन ११.१५, सुटले २.०५.

आपला,
एक निवृत्त वाहक
चोपडा, जि. जळगाव