आधी ‘अनेबल’ म्हण, भांडण जमिनीवर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू भडाभडा बोललीस, मला मध्ये तोंड उघडायला जागाच ठेवली नाहीस, म्हणून लिहितेय. ‘खाली उतरा आणि वेगही कमी करा’ असं एका दमात सांगणाऱ्या हवाई वाहतूक कंट्रोलरवर तू चिडलीस, ते रास्त आहे. जेटचं नाक खाली गेलं की वेग वाढतो, दोन्ही एकदम साधणं कठीण. पण तुम्ही काय केलंत? निमूट रीडबॅक दिलात, म्हणजे त्याची सूचना त्यालाच परत म्हणून दाखवलीत. मग जमेना, तेव्हा त्याने टोकलं, आणि तुझ्या कॅप्टनने फ्रिक्वेन्सीवरच त्याची शिकवणी घेतली. अगं, रीडबॅक दिला म्हणजे ‘करतो’ म्हणालात. त्या भरवशावर त्याने मागच्या विमानाचं अंतरही बसवलं असणार. ‘अनेबल (म्हणजे जमणार नाही), आधी उंची की आधी वेग?’ एवढं तिथल्या तिथे विचारलं असतंत तर त्याने एक निवडून दिलं असतं.

‘त्याला कॉकपिटमधलं काय कळतं?’ असं तू म्हणालीस. काही कळत नाही. नोकरीभर मी त्याच खुर्चीत बसले. स्क्रीनवर ठिपका दिसतो, बाजूला कॉलसाइन, उंची, वेग. टाकीत किती उरलंय, समोरचा ढग कसा आहे, हे ठिपका सांगत नाही. तुम्हाला तरी कुठे माहीत असतं, की पुढच्या विमानाने नुकताच गो-अराउंड केलाय, म्हणजे न उतरता ते पुन्हा वर गेलंय, किंवा शेजारच्या सेक्टरचा, म्हणजे पलीकडच्या आकाशाचा कंट्रोलर आमचं विमान घ्यायला तयार नाही?

तू सध्या उजव्या सीटवर, कोपायलट आहेस, रेडिओ बऱ्याचदा तुझ्याकडे असतो, म्हणून एक जुनी गोष्ट नीट वाच. २५ जानेवारी १९९०, अविआन्का ५२, बोइंग ७०७, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाकडे निघालेलं. हवामान वाईट, गर्दी प्रचंड. होल्डिंगमध्येच, म्हणजे आकाशात घिरट्या घालत, तासाहून जास्त वेळ गेला. कोपायलटने ‘प्रायॉरिटी’ मागितली, इंधन संपत आल्याचंही सांगितलं. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर कॅप्टनने त्याला स्पष्ट सांगितलं, आपण इमर्जन्सीत आहोत हे त्यांना कळव. तो रेडिओवर बोलला ते इतकंच, की पुन्हा प्रयत्न करतो, इंधन संपत चाललंय. तेही दिलेल्या दिशेच्या रीडबॅकला जोडून, साध्या स्वरात. ‘मेडे’ नाही, ‘इमर्जन्सी’ नाही. कॅप्टनने विचारलं, सांगितलंस का? हो, म्हणाला. थोड्याच वेळात इंजिनं बंद पडली. १५८ पैकी ७३ माणसं गेली. कंट्रोलरने खोदून विचारायला हवं होतं, हे मीही म्हणते. पण गर्दीच्या संध्याकाळी इंधनाची तक्रार करणारे बरेच असतात, आणि ‘मेडे’सारखा नियमातला शब्द कानावर पडला की आमचे हात आपोआप चालतात. अजिजीने तसं होत नाही. कॅप्टनने सांगितलेलं तसंच्या तसं पोचव, सौम्य करून नको.

आता नकार देण्याबद्दल. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला रात्री लुफ्तान्साच्या वैमानिकाने दुसऱ्या विमानापासून डोळ्यांनी अंतर राखून उतरायला नकार दिला, कारण कंपनीचा नियम तसा होता. त्याने आयएलएस, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ संकेतांवरून उतरण्याचा मार्ग मागितला. कंट्रोलर म्हणाला, मग थांबावं लागेल. वाट पाहून पाहून शेवटी विमान ओकलंडला गेलं. मला विचारशील तर नकारही बरोबर होता आणि थांबवणंही. एकासाठी सगळी रांग मोडता येत नाही. बिघडलं ते बोलण्यात. वैमानिक इंधनाची आठवण देऊ लागला, कंट्रोलर तोडून बोलला, आणि त्या खडाखडीतून कोणालाच काही मिळालं नाही.

शिवाय तुमचा रेडिओ एका वेळी एकालाच बोलू देतो. दोघांनी एकदम बटण दाबलं की ऐकणाऱ्याला नुसती शिट्टी. १९७७ साली टेनेरीफला धुक्यात केएलएमच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये अशीच शिट्टी वाजली. टॉवर म्हणत होता थांबा, पॅन ॲम म्हणत होतं आम्ही अजून रनवेवर आहोत. दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळली, आणि मग दोन्ही विमानंही. ५८३ माणसं गेली. तुमच्या कॅप्टनचं व्याख्यान चालू असताना कोणाला काय सांगायचं होतं, देव जाणे.

एक अपवाद पाठच आहे तुला, तरी लिहिते. टीकॅसने, म्हणजे विमानातल्या टक्कर टाळणाऱ्या यंत्राने, चढ किंवा उतर सांगितलं तर कंट्रोलर काहीही म्हणो, टीकॅसचं ऐक. २००२ मध्ये जर्मनीतल्या युबरलिंगेनवर टीकॅस ‘वर’ म्हणत असताना एक विमान कंट्रोलरच्या सांगण्यावरून खाली गेलं आणि दुसऱ्या विमानाला धडकलं, ७१ जण मेले. ‘टीकॅस आरए’ (आरए म्हणजे त्या यंत्राची सूचना) एवढं कळव, आमच्याकडचा माणूस लगेच गप्प बसतो.

बाकी राग उतरल्यावर कंपनीच्या सेफ्टी विभागाकडून रीतसर तक्रार कर. रेडिओचं रेकॉर्डिंग निदान ३० दिवस ठेवावं लागतं, तेव्हा तुमचं अजून असेल. मागवून ऐक, आणि त्या कंट्रोलरच्या नावाने बोटं मोडण्याआधी तुमचा रीडबॅक दोनदा ऐक. मग फोन कर. या वेळी मला बोलू दे.

तुझी,
आई