मिशिगनचे सात फुटी आणि नवीन कोच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या क्रीडा पानावर अमेरिकन बास्केटबॉल म्हणजे फक्त एनबीए, कॉलेजवाल्यांचं नावच नाही, म्हणून हे पत्र. आम्ही अ‍ॅन आर्बरजवळ राहतो आणि मुलगा मिशिगन युनिव्हर्सिटीत, सो नोव्हेंबर ते मार्च घरात दुसरा विषय नसतो.

२०२३-२४ ला आमच्या टीमने ८ मॅच जिंकल्या आणि २४ हरल्या. मॅच बघायला टीमच्या घरच्या स्टेडियमला, क्रिस्लर सेंटरला, जायचं तर मुलगा म्हणायचा बाबा तुम्हीच जा. मग कोच काढला आणि फ्लोरिडा अटलांटिक या कॉलेजहून डस्टी मे हे नवे कोच आले. त्या कॉलेजचं नाव मी आधी ऐकलंही नव्हतं पण २०२३ ला ते फायनल फोरला, म्हणजे देशभरच्या कॉलेज स्पर्धेच्या सेमीफायनलला, गेलं ते या माणसामुळेच, आणि शिकत असताना हा गडी इंडियाना युनिव्हर्सिटीत नावाजलेले कोच बॉब नाइट यांच्या टीमची वरकामं बघणारा स्टुडंट मॅनेजर होता, खेळाडू नाही.

त्यांच्या पहिल्याच वर्षी, २०२४-२५ ला, २७ जिंकल्या, १० हरल्या, वर आमच्या कॉलेजगटाची, बिग टेनची, टुर्नामेंटही घेतली. आणि कसं, तर आजकाल सगळे लांबून तीन पॉइंटचे शॉट मारत बसतात तेव्हा यांनी गोल्डिन आणि वुल्फ असे दोन सात फुटी एकदम उतरवले, त्यात वुल्फ एवढा उंच असून गार्डसारखा, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्या छोट्या चपळ खेळाडूसारखा, बॉल घेऊन पळायचा, बघताना हसूच यायचं. मग देशभरच्या स्पर्धेत शेवटच्या १६ मध्ये ऑबर्न कॉलेजशी सेकंड हाफमध्ये ९ पॉइंटची लीड होती हो, घालवली आणि हरलो. त्या रात्री जेवण नाही गेलं.

नंतर ते दोघंही सात फुटी टीम सोडून गेले. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायचंय अशा खेळाडूंनी नाव नोंदवायची यादी, त्यामुळे पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात, पूर्वीसारखं एक वर्ष बाहेरही बसावं लागत नाही, त्यामुळे नावं पाठ होईपर्यंत टीम नवी. मला हे अजिबात आवडत नाही पण तक्रार कुठल्या तोंडाने करू, आमची टीम उभी राहिली तीच त्यावर. २०२५-२६ च्या सीझनला लेंडेबोर्ग आलाय, यूसीएलए कॉलेजचा मारा नावाचा सात फूट तीन इंची खेळाडू आलाय, नॉर्थ कॅरोलायना कॉलेजचा कॅडो आलाय. टीम गेल्या वर्षीपेक्षा भारी वाटतेय. धाकधूक एकच, गेल्या वर्षी आम्ही टर्नओव्हर करून करून, म्हणजे शॉट न मारताच बॉल गमावून, तो समोरच्यांना फुकट वाटला आणि कॅडोलाही तीच खोड आहे असं मुलगा म्हणतो.

यंदा मात्र तिकिटं त्यानेच काढलीत, माझं धरून.

आपला एक वाचक,
अ‍ॅन आर्बर, मिशिगन